‘आधी चालत होतं’ अशा बगचा माग लवकर कसा काढावा

गोडो या गेम बनवायच्या इंजिनच्या बग रिपोर्टमध्ये ‘४.२ मध्ये चालत होतं, ४.३ मध्ये बिघडलं’ असं दिसलं की बरेच जण थेट गिट बायसेक्टला (कोडमधले बदल निम्मे-निम्मे करत बिघाड आणणारा बदल शोधण्याला) लागतात. दर टप्प्याला इंजिन नव्याने कंपाइल करावं लागतं आणि सगळा वेळ तिथेच जातो. त्याआधी तयार बिल्डवर, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या इंजिनवर, शोध घ्या.

१. रिपोर्टसोबत छोटा नमुना प्रोजेक्ट नसेल तर आधी तो मागा. अख्खा गेम नको. बग दिसेल एवढा एखादा सीन आणि स्क्रिप्ट पुरते.

२. दोन आवृत्त्यांमधले डेव्ह, बीटा आणि आरसी (अंतिम आवृत्तीआधीचे चाचणीचे) बिल्ड अधिकृत अर्काइव्हमधून उतरवा. इन्स्टॉलची भानगड नाही, झिप सोडवली की चालू.

३. बरोबर मधला बिल्ड उघडा. बग दिसला तर त्याच्या आधीचे तपासा, नाही दिसला तर नंतरचे. दर खेपेला उरलेले निम्मे बाद होतात.

४. ‘बीटा १ मध्ये ठीक, बीटा २ मध्ये बिघाड’ एवढं रिपोर्टवर लिहा. दुरुस्त करणाऱ्याला त्या दोहोंमधलेच बदल चाळावे लागतात, आणि माझ्या मते ट्रायाजमध्ये (आलेले बग रिपोर्ट तपासून मार्गी लावण्यात) याहून मोलाची मदत क्वचितच होते. बायसेक्ट करायचंच असेल तर तेही आता थोडक्यात आटोपतं.

मात्र प्रत्येक बिल्डसाठी प्रोजेक्टची वेगळी प्रत घ्या आणि तिच्यातलं ‘.गोडो’ (.godot) फोल्डर आधी काढून टाका. नव्या आवृत्तीने बदललेल्या फाइल जुनीत उघडल्या तर भलत्याच एरर येतात आणि माग चुकतो.