पर्कशन रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती : या चुका टाळा

1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील व्हॅल फोर्जेट यांनी इटलीच्या गार्दोने परिसरातील कारागिरांकडून 1851 च्या कोल्ट नेव्ही या पर्कशन रिव्हॉल्व्हरच्या (म्हणजे प्रत्येक कोठीत दारू व गोळी वेगवेगळी भरून मागे ठिणगी देणारी छोटी कॅप बसवायच्या जुन्या हत्याराच्या) प्रतिकृती करवून घेतल्या आणि तेथूनच या उद्योगाची वाढ झाली. या प्रतिकृती मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळतात, हा समज हीच पहिली चूक आहे. मूळ नेव्ही .36 कॅलिबरची व लोखंडी फ्रेमची होती; बाजारात दिसणारी .44 कॅलिबरची पितळी नेव्ही कोल्टने कधी बनवलीच नाही. पितळी फ्रेम यादवी युद्धात दक्षिणेकडील ग्रिसवोल्ड अँड गनिसनसारख्या कारखान्यांनी वापरली, तीही .36 मध्येच. ती देखणी असली तरी मऊ असते. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये सतत पूर्ण मात्रेने दारू भरली, तर सिलिंडरच्या मागच्या दात्यांचे ठसे फ्रेमवर उमटतात आणि सिलिंडर ज्यावर फिरतो तो मधला दांडा सैल होतो.

या दांड्याकडे खरेदीच्या वेळीच नीट पाहावे. काही प्रतिकृतींत तो नळीखालच्या भोकाच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. मग नळी दांड्याला जखडणारी पाचर जितकी ठोकावी तितकी नळी मागे सरकून सिलिंडरला घासते आणि घोडा ओढणे जड जाते. तपासण्यासाठी पाचर व सिलिंडर काढून नळी तिरकी फिरवून दांड्यावर तळापर्यंत सरकवावी. नळीच्या खालच्या भागाची कड फ्रेमच्या पुढच्या कडेपलीकडे गेली, तर दांडा आखूड आहे असे समजावे. योग्य जाडीची चकती भोकात बसवली की दोष जातो. पाचरच घासून बारीक करणे हा उपाय नव्हे.

शिशाची गोळी सिलिंडरमधील कोठीपेक्षा किंचित मोठी हवी, जेणेकरून ती दाबताना शिशाचे पातळ कडे कापले जाईल. गोळी किंवा कॅप सैल राहिल्यास शेजारच्या कोठ्याही पेट घेऊ शकतात. काळ्या दारूऐवजी बिनधुराची दारू तर कधीही भरू नये, कारण तिच्या दाबाने सिलिंडर फुटून प्राणावर बेतू शकते.

काळ्या दारूची काजळी हवेतील ओल शोषून गंज चढवते. म्हणून नेमबाजी झाली त्याच दिवशी निपल (कॅप जिच्यावर बसते ती छोटी नळी) काढून सर्व भाग कोमट साबणपाण्याने धुवावेत, पूर्ण कोरडे करून तेल लावावे.

जुनी म्हणून विकली जाणारी वस्तू घेताना चौकटीतली अक्षरे शोधावीत : इटालियन चाचणीगृहाच्या चिन्हांत ‘एए’ (AA) म्हणजे चाचणीचे वर्ष 1975. ती अक्षरे घासून काढल्याची खूण दिसली, तर सौदा सोडून द्यावा.