जुनी ऑटोमॅटिक गाडी ओढत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी आरपीएमचा काटा बघा

दहा-पंधरा वर्षं चाललेली ऑटोमॅटिक पिकअप देईनाशी झाली, सिग्नलवरून निघताना अडखळायला लागली, घाटात धापा टाकायला लागली, की बऱ्याच गॅरेजांत एकच निदान कानावर पडतं: गिअरबॉक्स गेला. कधी ते खरंही असतं. पण हीच लक्षणं झिजलेल्या प्लगने दिसतात, दमलेल्या पेट्रोल पंपाने दिसतात, तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने (सायलेन्सरच्या पाइपमधली धूर शुद्ध करणारी जाळी) दिसतात आणि पूर्ण न सुटलेल्या हँडब्रेकनेही दिसतात. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदा दिली की ती गेलीच. म्हणून दोष इंजिनात आहे की गिअरबॉक्समध्ये, एवढं तरी आधी स्वतः बघून घ्या. त्यासाठी लागणारं पहिलं साधन डॅशबोर्डवरच आहे: इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा आरपीएमचा काटा.

खालचं सगळं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या पेट्रोल ऑटोमॅटिकबद्दल आहे: २००८ ते २०१३ च्या पिढीतली होंडा सिटी, चार गिअरची ह्युंदाई आय१० आणि त्या जातीच्या गाड्या. एएमटीत, म्हणजे मॅन्युअलचेच गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाडीत, मॅन्युअलसारखाच क्लच असतो आणि सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या गाडीत, पट्टा. सीव्हीटीत तर रेस दाबली की आरपीएम आधी चढतो आणि वेग मागून येतो, ती तिची मूळ चालच आहे. त्यामुळे पुढचे निष्कर्ष त्या गाड्यांना लावू नका. इंजिनाचा भाग मात्र सगळ्यांना सारखाच लागू.

काटा काय सांगतो

वीसेक मिनिटं गाडी चालवून इंजिन आणि गिअर ऑइल दोन्ही तापू द्या. मोकळ्या, किंचित चढाच्या रस्त्यावर ‘डी’मध्ये ताशी ४० वर गाडी स्थिर करा आणि पेडल सावकाश अर्ध्यापर्यंत दाबा. तुमची नजर रस्त्यावर हवी, म्हणून शेजारी कुणाला तरी बसवून दोन्ही काट्यांचा व्हिडिओ घ्यायला सांगा. घरी येऊन तो हळू करून बघितला की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

आरपीएम सर्रकन चढला, इंजिन ओरडलं आणि वेग जागचा हलला नाही, तर ताकद तयार होतेय पण चाकापर्यंत पोचत नाही. ही गिअरबॉक्समधली स्लिप. फक्त किकडाउनला स्लिप समजू नका. किकडाउनमध्ये गाडी खालचा गिअर घेते, आरपीएम एकदम वर जातो आणि सेकंदाभरात गाडी जोरात ओढते. स्लिपमध्ये ते ओढणं येतच नाही.

आरपीएमच चढायला तयार नाही, इंजिन जड आवाजात कण्हतंय, तर संशय इंजिनावर. याला दोन अपवाद आहेत. एक, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने दोष पकडून गाडी सुरक्षित मोडमध्ये टाकलेली असते. मग ती बऱ्याचदा तिसऱ्याच गिअरमध्ये अडकते आणि उठताना मेल्यासारखी वाटते. होंडात अशा वेळी ‘डी’चा दिवा लुकलुकतो. इग्निशन बंद करून चालू केल्यावर गाडी तात्पुरती बरी झाली, तर हेच कारण धरा. दुसरा अपवाद टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या स्टेटरचा, म्हणजे ऑइलचा प्रवाह वळवून जोर वाढवणाऱ्या चक्राचा. त्याचा एकाच दिशेने फिरू देणारा क्लच गेला की गाडी ताशी ४०-५० पर्यंत रडतखडत जाते आणि पुढे एकदम ठीक चालते. इंजिन कमजोर असेल तर ते वरच्या वेगालाही कमजोरच राहतं.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. ताशी ६०-७० वर हलक्या पेडलने जाताना गाडी बारीक थरथरते, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. इथे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (स्थिर वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) थरथरतोय की इंजिन मिसिंग करतंय (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही), हे अंगाला कळत नाही. मागे कुणी नाही असं बघून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागेल पण ब्रेक धरणार नाही इतकाच. ब्रेकचा स्विच दबला की लॉकअप सुटतो आणि आरपीएम दोन-तीनशेने चढतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष लॉकअपचा. तशीच राहिली तर प्लग आणि त्याला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलकडे वळा. या स्पर्शाच्या चाचणीला पैसा लागत नाही, आणि तिने बरेच गिअरबॉक्स वाचतात.

बॉनेट उघडण्याआधी

ब्रेक जास्त न वापरता पाच-सहा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांच्या जवळ तळहात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम लागलं तर तिथला ब्रेक घासतोय. पावसाळ्यानंतर हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट अडकणं अगदी नेहमीचं. सपाट जागेवर ‘एन’मध्ये गाडी एका माणसाच्या ढकलण्याने हलली पाहिजे.

मग ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढा. जाड रबरी मॅटवर आणखी एक मॅट असेल तर पेडल तळाला पोचतच नाही. केबलवाल्या थ्रॉटलच्या गाडीत केबल सैल होऊन हाच परिणाम होतो.

इंजिन: हवा, ठिणगी, पेट्रोल, धूर

ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा) इथे हवाच. भारतात एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही सॉकेट असतं, पण माहिती कमी मिळते. चेक इंजिनचा दिवा लागला नसला तरी प्रलंबित कोड (कॉम्प्युटरने नोंदलेले, पण अजून पक्के न झालेले) बघा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरचं मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटलेली, पी०७४० लॉकअपचं सर्किट, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांतल्या दाबाचा आकडा बघा. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. फार वेगळा आला तर सेन्सर खोटं बोलतोय. याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते: महाबळेश्वरला हवाच विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपेक्षा १४-१५ टक्क्यांनी कमीच मिळते. तिथे गाडी मरगळलेली वाटते तो बिघाड नव्हे.

प्लग काढून बघा. इलेक्ट्रोड गोलावलेत का, गॅप वाढलाय का (बहुतेक गाड्यांत १ ते १.१ मिलिमीटर), आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का. ती रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली पळवाट. लोड आला की ठिणगी टोकावर न पडता त्या रेघेवरून बॉडीला जाते, म्हणून आयडलला (पेडल न दाबता) इंजिन शांत आणि चढावर झटके. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, कॉइलचं रबरी टोपणही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तशीच रेघ उमटते. कॉइलवर संशय असेल तर अदलाबदल करा. पी०३०२ आला असेल तर दोन आणि चार नंबरच्या कॉइल आपापसात बदलून गाडी फिरवा. कोड पी०३०४ झाला तर कॉइल गेली, पी०३०२ च राहिला तर दोष प्लगचा, इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचा.

एअर फिल्टर सगळेच बघतात, त्याच्या अलीकडचा पाइप कुणी बघत नाही. उभ्या गाडीत उंदीर तिथे कागद-कापूस भरतात. एअर फ्लो सेन्सर असेल तर तो फक्त त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा. कार्ब्युरेटर क्लीनरने त्याची नाजूक तार खराब होते.

फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, हा आकडा वाचायला शिकलात तर निम्मं निदान घरबसल्या होतं. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (लक्षात ठेवलेला) ट्रिमची बेरीज करा. साधारण उणे १० ते अधिक १० पर्यंत चालतं. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, तर कुठेतरी व्हॅक्यूम पाइप फुटलाय: आयडलला इंजिन हवा थोडी घेतं, म्हणून चोरून येणाऱ्या हवेचा वाटा तेव्हा मोठा असतो. उलट आयडलला ठीक आणि चढावर लोड वाढेल तसा आकडा वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय.

इथे ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची दखल घ्यायलाच हवी. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन ओतावं लागतं. त्यामुळे ई२० वर चालणाऱ्या जुन्या गाडीत सगळीकडे सारखाच अधिक ५ ते ८ ट्रिम दिसला तर घाबरू नका. पण आधीच इंजेक्टर तुंबलेला किंवा पंप दमलेला असेल, तर जी तूट आजवर कॉम्प्युटर झाकत होता ती आता उघडी पडते. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते जुनं होऊ देऊ नका.

पेट्रोलचं प्रेशर गेजवरच मोजा. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. आयडलला बरोबर आलं म्हणजे पंप चांगला असं नाही, रेस दिल्यावरही ते टिकलं पाहिजे. पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे नेहमी तळाशी पेट्रोल ठेवून चालवलेल्या गाड्यांचे पंप लवकर जातात. पंप बदलताना त्याच्या तोंडाची जाळीही बदला. हे काम उघड्या हवेत, थंड इंजिनावर आणि अग्निशामक जवळ ठेवून करायचं.

गाडी थंड असताना बरी आणि तापली की गळा आवळल्यासारखी, ३००० च्या वर आरपीएम जातच नाही, असं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का बघा. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला मुंबईत पाऱ्याचे १७ ते २१ इंच मिळायला हवेत, पुण्यात उंचीमुळे दोनेक इंच कमी. आता २५०० आरपीएमवर धरून ठेवा. निरोगी गाडीत काटा क्षणभर पडून परत आयडलच्या जागी किंवा वर येतो. अर्ध्या मिनिटात तो हळूहळू खचत गेला तर धुराची वाट बंद आहे. आणि तो का तुंबला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. जुन्याच कॉइलवर नवा कन्व्हर्टर बसवला तर त्याचीही तीच गत होणार.

आता गिअरबॉक्स

पहिलं ऑइल. मोजायची पद्धत कंपनीगणिक वेगळी आहे आणि इथेच चूक होते. वर सांगितलेल्या सिटीत इंजिन रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत तापवायचं, बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. ह्युंदाईच्या चार गिअरच्या गाड्यांत उलट: इंजिन चालू, ऑइल गरम, लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून परत आणायचा आणि मगच बघायचं. होंडाची रीत ह्युंदाईला लावली तर लेव्हल खोटी दिसते आणि कुणीतरी विनाकारण ऑइल ओततो किंवा काढतो.

डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर टेका. लालसर किंवा फिकट तपकिरी डाग ठीक. काळा आणि करपल्याचा वास म्हणजे क्लचच्या प्लेटा जळल्या. गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. गाडी तिथेच बंद करा, पुढे एक किलोमीटरही नेऊ नका.

मग ब्रेक दाबून ‘एन’मधून ‘डी’ टाका आणि गाडीला हलका धक्का बसेपर्यंतचा वेळ मोजा. साधारण १.२ सेकंदांच्या आत बसायला हवा, ‘आर’साठी १.५ च्या आत. दोन्हीकडे उशीर होत असेल तर ऑइल किंवा प्रेशर कमी, एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचा क्लच.

ब्रेक धरून पूर्ण रेस देण्याची स्टॉल टेस्ट शक्यतो घरी करू नका. करायचीच तर चाकांना लाकडी ठोकळे लावून, पाच सेकंदांच्या आत, आणि मध्ये दोन मिनिटं ‘एन’मध्ये थंड करून. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना कॉम्प्युटर रेस कापतो, मग कमी आलेला आरपीएम बघून चांगल्या इंजिनाला नावं ठेवली जातात.

गिअर चुकीच्या वेळी पडत असतील तर बॅटरी आणि अर्थिंग आधी तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत आणि इंजिन ब्लॉक ते बॅटरीच्या ऋण टोकादरम्यान, दिवे-एसी चालू असताना, ०.२ व्होल्टपेक्षा कमी फरक. अर्थिंगची गंजलेली पट्टी सोलेनॉइडना (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या झडपांना) पुरेसा करंट मिळू देत नाही.

ऑइल जुनं पण करपलेलं नसेल, तर लॉकअपची थरथर बऱ्याचदा नुसत्या ऑइल बदलाने जाते. सिटीला डीडब्ल्यू-१, आय१० ला एसपी-३ दर्जाचंच घाला, ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून मिळणारं नको. ड्रेन प्लगमधून एका वेळी अडीच लिटरच्या आसपासच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एकूण सहा लिटर धरले तर एका बदलात ५८ टक्के जुनं उरतं, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात २०. म्हणून मध्ये काहीशे किलोमीटर चालवून तीनदा बदला. प्रत्येक वेळी ड्रेन प्लगचं चुंबक पुसून बघा: राखाडी पिठासारखा लेप ही नेहमीची झीज, टोचणारे कण म्हणजे आत काहीतरी तुटतंय.

काळं, करपलेलं ऑइल आणि स्लिप असं दोन्ही असेल तर नवं ऑइल जळलेल्या प्लेटा परत आणत नाही. तेव्हा गिअरबॉक्स उघडायलाच लागतो. उघडणाऱ्याकडून दोन गोष्टी आधीच कबूल करून घ्या: टॉर्क कन्व्हर्टर नवा किंवा दुरुस्त केलेला बसणार, आणि ऑइल कूलर व त्याचे पाइप धुतले जाणार. जुन्या प्लेटांचा सगळा भुगा तिथेच साचलेला असतो, आणि इंजिन चालू होताच तोच नव्या प्लेटांवर येतो.