कार्य आणि ऊर्जेची गणितं: पेन उचलण्याआधीची तयारी

ठाण्यात नौपाड्याला माझ्या शिकवणीत नववीची आणि अकरावीची मुलं येतात. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आला की दोन्ही वर्गांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. गणित पुरतं वाचून व्हायच्या आत सूत्र लिहायची घाई होते. हा धडा खरं तर मार्क मिळवून देणारा आहे, फक्त त्याची तयारी आधी करावी लागते. चाचणीला बसण्यापूर्वी काय पाठ हवं, काय हाताला वळण हवं आणि काय तपासायचं, ते सगळं इथे लिहिते आहे.

सुरुवात पाठांतरापासून करा. १ ते ३० पर्यंतचे वर्ग न अडखळता आले पाहिजेत, कारण गतिज ऊर्जेत, म्हणजे वेगामुळे वस्तूला मिळालेल्या ऊर्जेत (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग), वेगाचा वर्ग येतो आणि चाचणीत कॅल्क्युलेटर नसतो. त्यासोबत वेगाच्या एककांची ही जोडी पक्की करा: ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५. पेपर काढणारे हेच आकडे देतात. वेगळा आकडा आला तर ५ ने गुणा आणि १८ ने भागा. हे रूपांतर सूत्र लिहिण्याआधी समासात करून ठेवायचं, नंतर करू म्हणून सोडायचं नाही. ३६ च्या जागी १० घालायचे राहिले तर उत्तर ३.६ पट चुकत नाही, जवळपास १३ पट चुकतं, कारण चुकीचाही वर्ग होतो. ग्रॅमचे किलोग्रॅम, सेंटिमीटरचे मीटर हेही त्याच समासात. गुरुत्वत्वरण ९.८ घ्यायचं की १०, ते प्रश्नात पाहून वरच लिहून ठेवा.

आता या धड्याचा खरा गाभा. कार्य-ऊर्जेच्या प्रत्येक गणिताला दोन टोकं असतात, सुरुवात आणि शेवट. वस्तूवर सगळ्या बलांनी मिळून केलेलं कार्य म्हणजे शेवटची गतिज ऊर्जा वजा सुरुवातीची गतिज ऊर्जा. पासबुकात आधीची शिल्लक आणि नंतरची शिल्लक दिसली की मधे किती भर पडली ते कळतं, तसंच हे आहे. म्हणून कागदावर सर्वांत आधी दोन ओळी लिहा: सुरुवातीचा वेग किती, शेवटचा वेग किती. 'स्थिर अवस्थेतून' असं लिहिलं असेल तर सुरुवातीचा वेग शून्य. 'थांबली' असं असेल तर शेवटचा शून्य. आकडे दिलेले नसतात, शब्दांत लपलेले असतात, आणि ते शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायची सवय हवी.

या दोन टोकांत सगळ्यात जास्त मार्क जातात ते असे. समजा १५०० किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे आणि तिचा वेग ५४ करायचा आहे. किती कार्य करावं लागेल? बरीच मुलं १५ मधून १० वजा करतात, ५ चा वर्ग २५ घेतात आणि १८,७५० ज्यूल लिहून मोकळी होतात. आधी वर्ग करायचा, मग वजाबाकी. १५ चा वर्ग २२५, १० चा वर्ग १००, फरक १२५. त्याला ७५० ने, म्हणजे वस्तुमानाच्या अर्ध्याने, गुणलं की ९३,७५० ज्यूल. आता याच मोटारीला शून्यापासून १० मीटर प्रति सेकंदापर्यंत आणायला किती लागलं असतं ते काढा: ७५,००० ज्यूल. म्हणजे पहिल्या १० ला जेवढं कार्य लागलं, त्याहून पुढच्या ५ ला जास्त लागलं. ही तुलना प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकदा करावी असं मला फार वाटतं. ती एकदा केली की वेगांची थेट वजाबाकी करायला हात धजत नाही.

सूत्र नुसतं पाठ करू नका, काढता आलं पाहिजे. गतीचं तिसरं समीकरण घ्या: शेवटच्या वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले विस्थापन. दोन्ही बाजूंना वस्तुमानाने गुणून दोनने भागा. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल, आणि बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य. सूत्रातला तो अर्धा इथूनच येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसने १८२९ मध्ये 'कार्य' ही संज्ञा रूढ करताना तो अर्धा सूत्रात पक्का बसवला. त्याआधी जर्मन गणिती लाइब्निझच्या काळापासून नुसतं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग एवढंच मोजत असत.

आणि वेगाचा वर्गच का, हे ज्यांना पटत नाही त्यांनी डच शास्त्रज्ञ ग्राव्हसांडेचा प्रयोग वाचावा. त्याने १७२० च्या दशकात सारख्या आकाराचे, पण वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे मऊ मातीवर टाकले. हलका गोळा तितक्याच पटीने जास्त उंचीवरून सोडला की दोघांचे खड्डे सारखेच पडत. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा वर्ग आपोआपच हिशेबात आला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने पुढे १७४० मध्ये हा पुरावा ठामपणे मांडला. गणपतीच्या दिवसांत घरात शाडू उरतोच. तो थापून सपाट करा, त्यावर लोखंडी छर्रा आधी २५ सेंटिमीटरवरून आणि मग १ मीटरवरून सोडा. वेग दुप्पट होतो, ऊर्जा चौपट. दोन्ही खड्ड्यांत बोट घालून पाहा.

पुढची तयारी आकृतीची. एक चौकोन, त्यावर बलांचे बाण आणि शेजारी विस्थापनाचा बाण, इतकं पुरे. ठाणे स्टेशनच्या फलाटावर १२ किलोची बॅग हातात धरून तुम्ही १०० मीटर सरळ चाललात, तर बॅग उचलून धरणाऱ्या बलाने केलेलं कार्य शून्य, कारण बल वर आणि विस्थापन आडवं. हात दुखतो ते खरं आहे, पण ती ऊर्जा स्नायूंच्या आत खर्च होते, बॅगेला मिळत नाही. तीच बॅग घेऊन ६ मीटर उंचीच्या पुलावर चढलात तर गुरुत्वत्वरण १० धरून ७२० ज्यूल. चाकाची बॅग ६० अंशांच्या कोनात ४० न्यूटन बलाने ५० मीटर ओढली, तर १००० ज्यूल, कारण बल गुणिले विस्थापन याला त्यांच्यामधल्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं असतं आणि ६० अंशांचा कोसाइन अर्धा. ०, ६०, ९० आणि १८० अंश या चार कोनांचे कोसाइन पाठ असू द्या. १८० चा उणे एक असतो, म्हणून घर्षण आणि ब्रेक यांचं कार्य ऋण येतं. ऋण चिन्ह आलं की घाबरून खोडू नका.

कोणत्या बलाचं कार्य विचारलं आहे, तेही नीट वाचा. इंजिनाचं विचारलं असेल तर घर्षण वजा करायचं नाही. एकूण विचारलं असेल तर करायचं.

ब्रेकची गणितं मी मुद्दाम जास्त सोडवून घेते. घोडबंदर रोडवर स्कूटर आणि चालवणारा मिळून १८० किलो, वेग ताशी ३६, ब्रेकचं बल ९०० न्यूटन. ऊर्जा ९००० ज्यूल, थांबायला १० मीटर. वेग ७२ केला की ऊर्जा ३६,००० आणि अंतर ४० मीटर. पावसात रस्ता ओला झाला आणि बल ६०० वर आलं की ६० मीटर. यात ब्रेक दाबेपर्यंत गेलेलं अंतर धरलेलंच नाही. आज नववीत असलेली मुलं तीन-चार वर्षांत गाडी चालवायला लागतील, तेव्हा हे आकडे त्यांच्या मनात असावेत.

सूत्रात जो वेग घालायचा तो त्या क्षणाचा. ठाणे ते सीएसएमटी साधारण ३४ किलोमीटर, धीम्या लोकलला तासभर लागतो, म्हणजे सरासरी सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास. पण घाटकोपरला गाडी उभी असते तेव्हा तिची गतिज ऊर्जा शून्य असते आणि दोन स्टेशनांच्या मधे ती सरासरीपेक्षा बरीच जास्त असते. सरासरी वेग घालून काढलेली ऊर्जा विचारलेल्या क्षणाची असेलच असं नाही.

मार्ग कुठला निवडायचा? गणितात वेळ दिला असेल किंवा विचारला असेल तर गतीची समीकरणं घ्या. वेळेचा उल्लेखच नसेल, फक्त अंतर, बल आणि वेग असतील, तर ऊर्जेचा मार्ग छोटा पडतो.

उत्तर आल्यावर एकक लिहा, चिन्ह बघा आणि आकडा पटतो का ते पाहा. वर्गमूळ काढायचं राहिलं की माणूस सेकंदाला ६४ मीटर धावताना दिसतो.

सरावाला एक गणित देते. येऊरच्या चढाच्या पायथ्याशी सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे, सायकल आणि मुलगी मिळून ६० किलो. तिने पॅडल मारणं थांबवलं, घर्षण धरू नका, गुरुत्वत्वरण १० घ्या. ती किती उंची गाठेल, आणि वेग ३६ असता तर किती? उत्तरं १.२५ मीटर आणि ५ मीटर. ६० किलो कुठे गेले, तेही वहीत एका ओळीत लिहा.