आधी रजिस्टर उघडा, प्रश्नावली नंतर

विद्यापीठातल्या आमच्या विभागात नवीन रुजू झालेलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच, "मॅडम, तालुक्यातल्या मानसिक आरोग्यसेवेवर काम करायचंय, स्केल कुठली घेऊ?" मी म्हणते, स्केल, म्हणजे मोजमापाची प्रश्नावली, राहू द्या. आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन ओपीडीचं रजिस्टर बघून या.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या वारी तालुक्याला येते. रजिस्टरात एकच गोष्ट मोजायची: पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा आला का? 'गावात नैराश्य किती' याच्या मागे लागलात तर माणसं मोजत बसाल. 'दुसऱ्या खेपेला का आला नाही' हे विचारलंत की सेवा कुठे गळतेय ते दिसतं. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातले आकडे प्रस्तावनेत डोळे झाकून चिकटवू नका. ते १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

परवानगीचा क्रम चुकवू नका. आधी विद्यापीठाची नैतिकता समिती, मग जिल्हा शल्यचिकित्सकांना मराठीत एक पानी अर्ज. रजिस्टरातली नावं उतरवायची नाहीत, फक्त वय, लिंग, तारखा. 'आम्ही नुसतं बोलणार आहोत, संमती कशाला?' असं म्हणणारे भेटतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ९९ त्यांना दाखवा. त्यात मुलाखतीलाही संमती लागते.

आता माझी चूक ऐका. गळालेल्या रुग्णांची घरं शोधत आम्ही गाडी घेऊन गेलो, काचेवर विभागाची पाटी. गल्लीतली पोरं मागे, शेजारणी ओट्यावर. जिच्याकडे गेलो ती बाई दारातूनच म्हणाली, "घर चुकलं तुमचं." नंतर कळलं, घरी तिनं गुडघ्याच्या गोळ्या आणते असं सांगितलं होतं. बाजाराला आली की जाता जाता दवाखाना उरकायची.

तेव्हापासून जुन्या रजिस्टरावरून आम्ही फक्त मोजतो. मुलाखतीसाठी नव्यानं नोंद होणाऱ्यांनाच पहिल्या दिवशी विचारतो: दोन महिन्यांनी फोन केला तर चालेल का? फोन कुणाचा आहे? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू? हा तिसरा प्रश्न विसरू नका.

प्रश्नावली लागतेच, पण उशिरा. आम्ही पीएचक्यू-९ चं, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचं, मराठी रूप घेतलं. भाषांतर बरोबर होतं, तरी 'कामात रस वाटत नाही' म्हटलं की बाया गप्प बसायच्या. रस म्हणजे उसाचा. त्यांच्या तोंडात होतं 'करमत नाही', 'कशात जीव लागत नाही'. म्हणून आधी दहा-पंधरा जणांना प्रत्येक वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, 'हे तुमच्या शब्दांत सांगा बरं.' शब्द मनानं मात्र बदलू नका. बदल लेखी नोंदवा, दुसऱ्याकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून पुन्हा इंग्रजीत, करून घ्या.

खरी अडचण उत्तरांची. 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' हा हिशोब तोंडी होत नाही. प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांचं विचारते, म्हणून मी १४ चिंचोके ठेवते, १४ दिवसांचे. "मागच्याच्या मागच्या बाजारापासून किती दिवस असं झालं, तेवढे बाजूला काढा." एक आजी सगळे चिंचोके सरकवून म्हणाली, "अजून आहेत का पिशवीत?"

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारण्याआधीच ठरलेलं असावं: टीमच्या डॉक्टरांना फोन कोण लावणार, घरातल्या कुणाला सांगायला त्या व्यक्तीची हरकत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून हातात द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. शेवटच्या एसटीला अर्धा तास उरलेला असताना मुलाखत सुरूच करू नका. उठण्याआधी नववं उत्तर बघा. ते आठवड्यानं डेटा एन्ट्री करताना दिसलं, तर त्या अभ्यासाचं तोंड बघू नये.

आशाताईंचा वेळ घेणार असाल तर त्यांचं मानधन बजेटात धरा. फुकटात राबवून घेऊ नका.

आमच्या तालुक्यात रुग्ण गळण्याचं कारण अंधश्रद्धेचं निघेल, अशी माझी खात्री होती. निघालं वेगळंच. ओपीडीचा वार सोमवारवरून गुरुवारी गेला होता आणि बाजार सोमवारी. गुरुवारी घरातून निघायला बायांकडे निमित्तच नव्हतं.

हे शोधनिबंधात जाईल तेव्हा जाईल. आधी मराठीत एका पानावर लिहा आणि रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचा. मागणी एकच ठेवा: वार बदला. आम्हाला चार महिने लागले, कारण सोमवारी टीम दुसऱ्या तालुक्यात असायची. वार बदलल्यावर सहा महिन्यांनी तेच रजिस्टर तसंच पुन्हा मोजायचं. त्याची परवानगी पहिल्याच अर्जात मागून ठेवा, नाहीतर तोवर साहेबांची बदली झालेली असते.