स्क्रीन पिवळी दिसतेय? आधी मॉनिटरचा मेनू उघडा

मॉनिटरच्याच बटणाने त्याचा मेनू उघडा. मेनूचे रंग ठीक आणि बाकी स्क्रीन पिवळी असेल तर मॉनिटर शाबूत आहे. दोष बहुधा केबलमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात (संगणकात चित्र तयार करणारा भाग). मेनूही पिवळाच असेल तर मॉनिटरची रंगसेटिंग फॅक्टरी रीसेट करून बघा.

जुन्या व्हीजीए केबलमध्ये (संगणकातून मॉनिटरला चित्र नेणारी) पिन १ लाल, २ हिरवा, ३ निळा रंग नेते. निळा तुटला की पांढरं पिवळं दिसतं, हिरवा तुटला की जांभळट-गुलाबी, लाल तुटला की आकाशी. पिन वाकलीय का पाहा, चिमट्याने हळूच सरळ करा, दोन्ही स्क्रू आवळा. (९ नंबरची पिन पुष्कळ केबल्सना मुळातच नसते, घाबरू नका.) फिकट पिवळसर छटा फक्त रात्रीच येत असेल तर विंडोजचा 'नाइट लाइट' चालू असणार.

नेट चालत नसेल तर संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. पत्ता बरोबर, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंगही (तपासणीचा छोटा संदेश) जातोय, पण साइट उघडत नाहीत? मग डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला. आणि तारीखही तपासा: घड्याळ चुकलं की ब्राउझर सुरक्षित साइट नाकारतो. संगणक बंद केला की घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरची) सीआर२०३२ बॅटरी बहुधा संपलीय.