ग्रुप राईड शेवटच्या गाडीच्या हिशोबाने आखा

नाशिकहून सापुतारा म्हणजे दिंडोरी, वणी, बोरगाव, हातगड करत साधारण ८० किलोमीटर. बाइकवर एकट्याला दोन तास पुरतात. आठ गाड्या निघाल्या की त्याच रस्त्याला साडेतीन तास सहज लागतात, आणि तरी कोणी गाडी हळू चालवलेली नसते. वेळ जातो तो थांबण्यात, वाट बघण्यात आणि मागे राहिलेल्याला शोधण्यात. यावर इलाज आहे, पण तो आदल्या रात्रीच करायचा. खाली सगळी उदाहरणं याच रस्त्याची घेतली आहेत. भंडारदरा किंवा जव्हारला निघालेल्यांनी फक्त गावांची नावं बदलायची.

किती गाड्या, कोण कुठे

एका ग्रुपमध्ये आठपेक्षा जास्त गाड्या घेऊ नका. दहा-बारा झाल्या तर दोन ग्रुप करा. दोन्हींचा लीड (सगळ्यात पुढचा) वेगळा, स्वीप (सगळ्यात शेवटचा) वेगळा, आणि मध्ये दहा मिनिटांचं अंतर. यामागे साधं गणित आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. एकामागे एक चालताना पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे ३३ मीटर. आठ गाड्यांची ही रांग अडीचशे मीटरची होते.

आता पुढे ताशी ४० ने चाललेला एक ट्रक आला असं धरा. ६० ने तो ओलांडायला एका गाडीला आठ-नऊ सेकंद आणि समोर पुरेसा मोकळा रस्ता लागतो. लीड गेला, दुसरा गेला, तेवढ्यात समोरून एसटी आली. बाकीचे सहा एकेक संधी बघून निघेपर्यंत शेवटचा लीडपासून किलोमीटरभर मागे पडलेला असतो. लीड ६० वरच राहिला तर मागच्याला ७० ने चालवूनही तो किलोमीटर भरून काढायला सहा मिनिटं आणि सात किलोमीटर लागतात. प्रत्यक्षात तो ७० वर थांबत नाही, ९० मारतो. ग्रुप राईडमध्ये सगळ्यात जोरात गाडी शेवटून दुसरा चालवत असतो, आणि बहुतेक वेळा तो ग्रुपमधला नवखा असतो.

म्हणून लीडसाठी एकच नियम पक्का करा: ओव्हरटेक झाला की ४५-५० वर यायचं आणि आरशात स्वीपचा दिवा दिसेपर्यंत तिथेच राहायचं. मागच्यांसाठीही एक नियम: पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही. पुढच्याने हात हलवून ‘ये’ म्हटलं तरी रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. त्याने हात केला तेव्हा मोकळा असलेला रस्ता तुम्ही पोहोचेपर्यंत मोकळा असेलच असं नाही.

क्रम असा लावा. लीड रस्ता माहीत असलेला आणि स्वभावाने थंड. त्याच्या लगेच मागे सगळ्यात कमी ताकदीची गाडी किंवा सगळ्यात नवा माणूस, म्हणजे लीडला वेग त्याच्याकडे बघून ठरवता येतो. मध्ये डबलसीट गाड्या. मागे अनुभवी. शेवटी स्वीप: हत्यारं, पंक्चर किट, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे, अंगात फ्लुरोसंट जॅकेट. ज्याच्याकडे ६५० सीसी आहे आणि ज्याला ५५ वर कंटाळा येतो, त्याला स्वीप करा. काम मिळालं की कंटाळा जातो. शिवाय मागे पडलेल्याला गाठायला ती ताकद उपयोगी पडते.

दिंडोरीपर्यंत रस्ता रुंद मिळेल तिथे तिरकी रांग चालते. लीड आपल्या लेनच्या उजव्या बाजूला, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. तिरक्या पुढच्यापासून एक सेकंद, सरळ पुढच्यापासून दोन सेकंद. अशाने रांग १३० मीटरवर येते आणि ब्रेक मारायला जागाही राहते. घाट, गाव, पाऊस, धुकं, खड्डे यांपैकी काहीही आलं की एकेरी रांग. शेजारी-शेजारी दोन गाड्या कधीच नाहीत. गप्पा टपरीवर माराव्यात.

फाट्यावर माणूस ठेवा

मोबाइलला रेंज नसली तरी चालणारी पद्धत ही एकच. वळण आलं की लीड हाताने खूण करतो आणि त्याच्या मागचा, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा, फाट्याच्या अलीकडे डांबर सोडून उभा राहतो. इंडिकेटर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा चालू. एकेक गाडी त्याच्याकडे बघून वळते. स्वीप दिसला की तो स्वीपच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर त्या वेळी दुसरा असलेला माणूस थांबतो. नवखा दुसऱ्या जागी असेल तर हे काम तिसऱ्याकडे द्या. लीडच्या मागची त्याची जागा सुटू देऊ नका.

या रस्त्यावर माणूस लागतोच अशा दोन जागा: वणी, जिथून एक रस्ता नांदुरीला सप्तशृंगी गडाकडे जातो, आणि बोरगाव, जिथे सुरगाण्याचा फाटा आहे. दिंडोरी गावातल्या गर्दीतही एक ठेवलेला बरा.

पद्धत मोडते ती नेहमी एकाच कारणाने. उभा राहिलेला कंटाळून निघतो, किंवा समोर चहा दिसतो म्हणून रस्ता ओलांडतो. वीस मिनिटं कोणी आलं नाही तरी हलायचं नाही. मागे काहीतरी झालंय आणि तुम्ही उभे आहात हाच मागच्यांचा पत्ता आहे. कोणाला मधूनच घरी परतायचं असेल तर त्याने फक्त स्वीपला सांगायचं. न सांगता वळलेल्या एका माणसासाठी सात जण तासभर ताटकळतात.

आदल्या रात्री

पेट्रोल रात्रीच टाकून ठेवा. सकाळी पंपावर आठ गाड्यांना वीस मिनिटं जातात, त्यात कोणीतरी हवा भरायला जातो आणि कोणाला सुट्टे हवे असतात. जाऊन-येऊन १६० किलोमीटरला कोणतीही टाकी पुरते. लांबच्या राईडला मात्र सगळ्यात लहान टाकीवर हिशोब धरा आणि ती अर्धी झाली की सगळ्यांनी भरा. आपापली संपेल तशी भरायची म्हटलं की पंपावर तीन-तीनदा थांबावं लागतं.

हवा गार टायरमध्ये बघा, चालवून आल्यावर नाही. आकडा गाडीवरच्या स्टिकरवरचा, आणि डबलसीट असेल तर मागच्या टायरचा डबलसीटचा. चेनचा ढिलेपणा मधोमध हाताने वर-खाली करून मोजा. बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलीमीटर चालतो, पण नेमका आकडा पुस्तिकेत बघा. चेन जास्त कसली तर मागची माणसं बसल्यावर ती ताणून स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते. चेन पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल रात्रीच लावा. सकाळी लावलं तर निम्मं रिमवर उडतं.

स्वीपच्या पिशवीत: गाडीच्या किटमधले पाने, पक्कड, ॲलन की, टायर लिव्हर दोन, ट्यूबलेस किट आणि सात-आठ स्ट्रिप, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, फ्यूज, इन्सुलेशन टेप, झिप टाय दहा-बारा. क्लच केबल मात्र ज्याची त्याने आणायची, कारण एका गाडीची दुसरीला बसत नाही. स्पोकची चाकं असलेल्यांनी आपल्या मापाची ट्यूबही घ्यावी. ट्यूबलेस किट त्यांच्या कामाचं नाही.

आणखी एक. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी आहे. दिंडोरीच्या द्राक्षबागांमधून जाताना घेतलेली वाइनची बाटली हातगडच्या पुढे गुन्हा ठरते. बॅगा रिकाम्या करूनच निघा.

सकाळी

भेटायची जागा शहराबाहेर ठेवा, म्हसरूळच्या पुढे. शहरातल्या द्वारका चौकात भेटायचं ठरवलं तर अर्धे सर्कलच्या या बाजूला आणि अर्धे त्या बाजूला उभे राहतात. वेळ उन्हाळ्यात-पावसाळ्यात सहा. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, तेव्हा सात. हा आळस नाही. हंगामात या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात: एका ट्रॅक्टरमागे दोन, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधारात त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात द्राक्षांच्या क्रेटच्या पिकअप येतात आणि त्या घाईत असतात.

नवरात्रात गडावरून ज्योत घेऊन धावणारी मुलं रस्त्यावर असतात, चैत्रात पायी यात्रेकरू. त्यांच्यामागे हॉर्न वाजवू नका. दुसरा गिअर, पूर्ण उजवीकडून, एकेकाने. अशा दिवसांत वेळेचा हिशोब सोडून द्यावा, किंवा त्र्यंबकचा रस्ता धरावा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकलाही ब्रह्मगिरी प्रदक्षिणेची गर्दी असते, तेव्हा तो दिवस दोन्हीकडून वगळा.

निघण्याआधी पाच मिनिटं लीड बोलतो: थांबे कुठे, खुणा कोणत्या, स्वीप कोण. खुणा चारच पुरतात. डावा हात खाली करून तळवा मागे म्हणजे थांबतोय. पायाने दाखवलं म्हणजे त्या बाजूला खड्डा किंवा खडी. एक बोट वर म्हणजे एकेरी रांग. टाकीवर थाप म्हणजे पेट्रोल. चालत्या गाडीत हॅझर्ड दिवे लावू नका. चारही इंडिकेटर लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

वणीला एकच थांबा, नाश्त्याचा, पाऊण तासाचा. मिसळीशिवाय नाशिककरांची राईड होत नाही हे मान्य, पण तर्री दुसऱ्यांदा मागवू नका. पुढे घाट आहे आणि भरल्या पोटी डोळे जड होतात. निघायच्या दहा मिनिटं आधी लीडने हेल्मेट हातात घेतलं की बाकीचे आपोआप उठतात.

हातगडचा घाट

घाटात पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत चालवणं ही ग्रुपची खास चूक. तो वळणात चुकला की तुम्हीही त्याच रेषेत चुकता. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा, गाडी नजरेमागे जाते. अंतर तीन सेकंदांपर्यंत वाढवा. घाटात कोणी कोणाला ओव्हरटेक करायचं नाही, ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये तर नाहीच.

उतरताना चढताना वापरलेलाच गिअर वापरा, बहुधा दुसरा किंवा तिसरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून दिसतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि डिस्कचं ऑइल तापून लिव्हर स्पंजासारखा दबायला लागतो. तसं वाटलं तर रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

पावसाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात घसरडी, कारण डांबरावरचं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. वळणांवर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल इंद्रधनुषी चकाकतं. त्यावर ब्रेक नको, गाडी तिरकी नको, सरळ पार व्हा. रेनकोट वणीलाच चढवून घ्या. घाटात आठ जण रेनकोट घालायला थांबले की रस्त्याची एक बाजू बंद होते.

पंक्चर झाल्यावर

एकाला पंक्चर झालं म्हणजे सगळ्यांनी थांबायचं नाही. स्वीप आणि आणखी एक त्याच्यापाशी, बाकीचे पुढच्या रुंद जागेपर्यंत. ते तीस मिनिटांत आले नाहीत तर एकानेच मागे जाऊन बघायचं.

ट्यूबलेस असेल तर खिळा काढण्याआधी तो कोणत्या कोनात घुसलाय ते बघा. पकडीने काढा, त्याच कोनात किटमधली कानस फिरवून भोक आठ-दहा वेळा साफ करा. स्ट्रिप सुईच्या नाकात मधोमध ओवा, सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहतील इतकी आत दाबा. मग सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढा. बहुतेक जण इथे सुई पिळतात, आणि स्ट्रिप तिच्यासोबत बाहेर येते. हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा, टोकं कापताना तीन-चार मिलीमीटर ठेवा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर ही पट्टी टिकत नाही. तिथे गाडी पिकअपमध्ये टाका.

कोणी पडलं तर

तिघांची कामं आधीच वाटलेली हवीत. एक शंभर मीटर मागे जाऊन वाहनं थांबवतो, एक १०८ ला फोन करतो, एक पडलेल्यापाशी बसतो. फोनवर ‘घाटात’ एवढं सांगून भागत नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, पाणी पाजू नका, उठवून बसवू नका. प्रत्येकाच्या जॅकेटच्या डाव्या खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद असावा. फोन लॉक असतो, कागद नसतो. अनोळखी कोणी मदतीला आला आणि पोलिसांच्या भानगडीला घाबरला तर त्याला सांगा की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ त्याला संरक्षण देतं.

परतताना

पैशांची कॉन्ट्री सकाळीच काढा, एकाच्याच हातून खर्च करा आणि हिशोब सापुताऱ्यालाच मिटवा. सापुताऱ्याहून तीनपर्यंत निघा. अंधार आणि ट्रॉल्या दोन्ही टळतात. ग्रुप म्हसरूळच्या अलीकडे मोडायचा. शहरात रांग टिकत नाही आणि ती टिकवायला जाऊन सिग्नल तोडले जातात. घरी पोहोचल्यावर प्रत्येकाने ‘पोहोचलो’ एवढा मेसेज टाकायचा, आणि अर्ध्या तासात ज्याचा आला नाही त्याला स्वीपने फोन करायचा. पावसातून आला असाल तर चेन त्याच रात्री पुसून तेल लावा, सकाळपर्यंत तिच्यावर गंज चढतो.