बेमेळ सबस्ट्रेटवर स्फटिक थर वाढवताय? या चुका टाळा

सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्या आधारावर स्फटिक वाढवतात त्यावर, गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचा थर आरशासारखा चकचकीत यायच्या ऐवजी दुधी आला, की बहुतेक जण आधी वरच्या जाड थराच्या मागे लागतात. तापमान वीस अंश वाढव, अमोनिया (नायट्रोजनचा स्रोत) वाढव, वाढीचा वेग कमी कर. पण दोष बहुधा तिथे नसतोच. तो पहिल्या वीस-तीस नॅनोमीटरमध्ये, नाहीतर त्याही आधी वेफर (सबस्ट्रेटची पातळ चकती) धुताना शिरलेला असतो. वरचा थर त्याची फक्त नक्कल करतो.

थेट जास्त तापमानाला सुरुवात करणं

सफायर (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, इथला सबस्ट्रेट) आणि गॅलियम नायट्राइड यांच्या अणुजाळ्यांत, म्हणजे अणूंच्या मांडणीतल्या अंतरांत, साधारण १६ टक्के तफावत आहे. त्यामुळे हजार अंशांवर थेट सुरुवात केली तर थर पसरत नाही. सुटी षटकोनी बेटं उभी राहतात आणि मधली जागा उघडीच राहते. १९८६ मध्ये जपानी संशोधक अमानो, आकासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन ही अडचण सोडवली. १९९१ मध्ये नाकामुरा यांनी तेच काम गॅलियम नायट्राइडच्याच बफर (मधल्या, जुळवून घेणाऱ्या) थराने करून दाखवलं.

हा बफर साधारण ५०० ते ५५० अंश सेल्सियसला, २०-३० नॅनोमीटर जाडीचा देतात. तो मुद्दाम थोडा विस्कळीत असतो. तापमान चढवताना त्याची पुनर्रचना होते, मोजकी केंद्रं टिकतात आणि वरचा थर त्या केंद्रांपासून आडवा वाढत एकमेकांत मिसळतो. इथली सर्रास चूक म्हणजे दुसऱ्या रिॲक्टरची (थर वाढवण्याच्या भट्टीची) जाडी आणि वेळ जशीच्या तशी उचलणं. बफर फार पातळ असेल तर तापमान चढवताना सफायर उघडा पडतो. जाड असेल तर वेडेवाकडे कललेले कण शिल्लक राहतात आणि त्यांचा तिरकेपणा वर झिरपतो.

सोय असेल तर वाढीदरम्यान लेझरचं परावर्तन बघत राहा. बेटं तयार होताना ते पडतं, बेटं जुळली की पुन्हा चढून नियमित लाटा दाखवतं. लाटा पुऱ्या उंचीला पोचल्याच नाहीत तर वरचा थर सुधारण्यात वेळ घालवू नका. खोट बफरमध्ये आहे.

तडे गेले म्हणून फक्त सावकाश थंड करणं

या एका गैरसमजापायी बरेच दिवस वाया जातात. ताण येतो तो थर आणि सबस्ट्रेट वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात म्हणून, आणि किती येणार हे वाढीच्या तापमानापासून खोलीच्या तापमानापर्यंतच्या फरकावर ठरतं. थंड करण्याचा वेग कमी केल्याने तो फरक बदलत नाही. सफायरवर गॅलियम नायट्राइड दाबाखाली येतो, म्हणून वेफर वाकतो. सिलिकॉनवर उलट: थर ताणला जातो आणि तडकतो. उपाय वाढ चालू असतानाच करावा लागतो. ॲल्युमिनियम नायट्राइड, त्यावर ॲल्युमिनियमचं प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरत जाणारे थर, आणि त्यातून साठवलेला दाब. थंड होताना येणारा ताण या दाबाने फेडला जातो.

सिलिकॉनला गॅलियमचा स्पर्श होऊ देणं

जास्त तापमानाला गॅलियम सिलिकॉनशी मिसळून वेफरला खड्डे पाडतो. म्हणून सिलिकॉनवर पहिला थर ॲल्युमिनियम नायट्राइडचा. हे सगळ्यांना माहीत असतं. नजरेतून सुटतो तो मागच्या वाढीतून रिॲक्टरच्या भिंतींवर आणि ट्रेवर उरलेला गॅलियम. पाककृती अचूक असूनही खड्डे दिसले, तर आधी रिकामा रिॲक्टर तापवून साफ करा.

सिलिकॉनवर गॅलियम आर्सेनाइड वाढवताना अडचण वेगळी असते. जाळीची तफावत ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बरीच कमी. पण सिलिकॉनचे सगळे अणू सारखे आणि वरच्या थरात दोन जातींचे. पृष्ठभागावर एका अणूच्या उंचीची पायरी आली की तिच्या दोन्ही बाजूंना गॅलियम आणि आर्सेनिकच्या जागा उलटसुलट होतात. ४ ते ६ अंश कललेला वेफर घेऊन वाढीपूर्वी तो नीट तापवला, तर पायऱ्या दोन-दोन अणूंच्या होतात आणि हा घोळ बराच कमी होतो.

एकाच रॉकिंग कर्व्हवर खूश होणं

रॉकिंग कर्व्ह म्हणजे स्फटिक किंचित फिरवत मोजलेलं एक्स-रे परावर्तन; (००२), (१०२) ही अणूंच्या प्रतलांची नावं. (००२) परावर्तनाची रेषा अरुंद आली म्हणून थर उत्तम झाला असं होत नाही. ते मोजमाप स्क्रू जातीच्या डिसलोकेशनना (अणूंच्या मांडणीतल्या रेषेसारख्या दोषांना) संवेदनशील आहे. शुद्ध एज जातीची डिसलोकेशन त्यात जवळजवळ दिसत नाहीत, आणि गॅलियम नायट्राइडमध्ये बहुधा तीच जास्त असतात. (१०२) सुद्धा मोजा. सफायरवरच्या चांगल्या थरातही चौरस सेंटीमीटरला दहा कोटी ते शंभर कोटी डिसलोकेशन असू शकतात, तेव्हा एका आकड्यावर विसंबणं महागात पडतं.

तापमानाबद्दल एवढंच: थर्मोकपल ट्रेखालचं तापमान सांगतो, वेफरचं नव्हे. वेफर वाकला की कडा आणि मध्य यांचं तापमान वेगळं होतं आणि दोन्हीकडे निराळा थर वाढतो.

आणि काहीच समजेनासं झालं, तर वाढ बफरपाशीच थांबवा. तापमान चढवून पुनर्रचना होऊ द्या, लगेच थंड करा, वेफर बाहेर काढून ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली बघा. केंद्रं किती दाट आहेत, उंची सारखी आहे का, सफायर कुठे उघडा दिसतोय, हे अर्ध्या दिवसात कळतं.